राहीबाईच्या कुरडया आणि कारखान्याची काजळी

राहीबाई पहिल्यांदा दवाखान्यात आली तेव्हा डॉक्टर राधाकृष्ण पाठकांना वाटलं, कुणीतरी चालू मळणीयंत्रच आत ढकललंय. आधी खोकला आला. मग बऱ्याच वेळाने, त्याच्या मागून, विटकं लुगडं नेसलेली ओंजळभर म्हातारी आली. त्या एका उबळीने दारातल्या लिंबावरचे कावळे उडाले ते थेट संगमनेरला जाऊन बसले, फळीवरच्या बाटल्या किणकिणल्या, आणि बाहेर बाकावर कण्हत असलेल्या पेशंटांना आपण मुळात धडधाकट आहोत असा साक्षात्कार होऊन ते घरी गेले. कंपाउंडर गनीभाईंनी डॉक्टरांच्या हातातली छाती तपासायची नळी हलकेच काढून घेतली.

"राहू द्या साहेब. हिची छाती बेलापूरच्या बाजारातसुद्धा ऐकू येते."

हा दवाखाना प्रवरेच्या कालव्यावरच्या एका सहकारी साखर कारखान्याचा. साल एकाहत्तर. डॉक्टर नवे, उत्साही, आणि पुस्तकात लिहिलेलं सगळं खरं असतं असं मानणारे. त्यांनी विचारलं, हा त्रास कधीपासून?

"कारखाना पेटला की मी पेटते," राहीबाई म्हणाली, "आन् कारखाना इझला की मीबी इझते."

दम्याचं इतकं नेटकं निदान डॉक्टरांनी कॉलेजातही ऐकलं नव्हतं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि धुरात जाऊ नका म्हणून बजावलं. गनीभाईंनी नुसतं खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कारखान्याची चिमणी होती, आणि खिडकीत दुसरं काही मावतच नव्हतं.

पण राहीबाई खोकल्यासाठी आलीच नव्हती. तिने पदराची गाठ सोडून एक कुरडई टेबलावर ठेवली. पांढऱ्या जाळीवर काळे ठिपके. गहू भिजवून, वाटून, चीक काढून, शिजवून, सोऱ्यातून घालून माळवदावर वाळत टाकायचा, आणि वरून कारखान्याने काजळी पेरायची. पंचक्रोशीत तिच्या कुरडईशिवाय रुखवत मांडलं जात नसे. खोकला काय, सगळ्यांनाच असतो. कुरडई मात्र तिची एकटीची होती.

"ह्याला काय औषध असंल तर बघा, डाक्तर."

डॉक्टरांना राहीबाईची छाती वाचवायची होती. ते कामाला लागले. चीफ इंजिनिअरने त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, की उसाचा चोथा जळतो, बॉयलरच्या नळ्यांत राख साठते, ती झाडली की बाहेर उडते, यात नवीन काय? राख धरणारं यंत्र असतं खरं, पण ते सभासदांनी मागायला हवं. नगरहून आलेला सरकारी साहेब म्हणाला, की पाण्याचा कायदा नुकताच झालाय, मळीची तक्रार असेल तर द्या, हवेचा कायदा अजून व्हायचाय. डॉक्टरांनी विचारलं, तोपर्यंत लोकांनी श्वास कुठून घ्यायचा? साहेबाने हा मुद्दा वर कळवतो म्हटलं आणि जीप चालू केली.

सभासदांचं तर वेगळंच. कारखाना त्यांचा, चिमणी त्यांची, म्हणजे धूरही घरचाच. सकाळी उठून पोराचं तोंड पाहावं तसे ते चिमणीचं तोंड पाहत. कारभारी नावाचे एक जाडजूड सभासद डॉक्टरांना प्रेमाने म्हणाले, की पूर्वी इथं नुसती कुसळं उगवायची, तेव्हा हवा लई चोख होती, पण ती चुलीवर शिजवता येत नव्हती. याला उत्तर खरं तर अजूनही फारसं कुणाला सुचलेलं नाही.

सप्टेंबरात वार्षिक सभा भरली. डॉक्टर फुफ्फुसाचं रंगीत चित्र घेऊन उभे राहिले. त्यांनी शहरांतल्या धुराची उदाहरणं दिली, यंत्राची मागणी मांडली. मंडपात शांतता होती, कारण निम्मे सभासद झोपले होते. मग चहा आला, आणि चहाबरोबर राहीबाई.

नवऱ्यामागे शेअर तिच्या नावावर झाला होता, त्यामुळे तिला अडवणार कोण? बायकांनी पाट्या भरून तळलेल्या कुरडया आणल्या होत्या. म्हाताऱ्या बाईने हाताने दिलेली कुरडई नाही म्हणायची रीत आपल्याकडे नाही. चेअरमनसाहेबांनी तोडून तोंडात टाकली आणि कौतुकाने विचारलं, "तीळ घातलेत काय मावशी?"

"न्हाई सायेब. त्यो तुमचा कारखाना हाय."

झोपलेले जागे झाले. मंडप हसला, साहेबही हसले, पण चावायचे थांबले. प्रत्येकाला आपल्या घरचं माळवद आठवलं. फुफ्फुस कुणी पाहिलं नव्हतं, कुरडई सगळ्यांनी पाहिली होती. तिथल्या तिथे ठराव झाला: काजळीचा बंदोबस्त करावा. डॉक्टरांनी फुफ्फुसाची सुरळी केली आणि राहीबाईच्या पायाच पडले.

बंदोबस्त झाला. यंत्र महाग होतं. बॉयलरमधली राख दिवसा झाडायची ती रात्री झाडावी, असं ठरलं. त्या चैत्रात राहीबाईच्या कुरडया चुन्यासारख्या पांढऱ्या निघाल्या. ती एक टोपलं डॉक्टरांकडे घेऊन आली. खोकला टोपल्याच्या पुढे आला, पूर्वीपेक्षा मोठा.

डॉक्टर तिला समजावत राहिले. आजी, धूर तेवढाच आहे, फक्त वेळ बदलली आहे. उन्हाळ्यात अख्खी वाडी अंगणात झोपते आणि रात्रभर तेच ओढते. निदान तुम्ही तरी आत झोपा.

"आत झोपाय मी काय दाना हाय, कनगीत ठिवायला?" ती म्हणाली. "आन् धूर असता तर कुरडईवर दिसला नसता व्हय?"

ती धूर कुरडईवर मोजत होती, आणि कुरडई रात्री झाकलेली असे. डॉक्टरांनी एक कुरडई रात्रभर अंगणात ठेवून बघायला सांगितलं. ती दुखावली. एवढ्या कष्टाची पांढरी वस्तू कुणी मुद्दाम घाण करतं का?

डॉक्टरांनी पुढच्या सभेसाठी पुन्हा यंत्राची मागणी तयार केली. या खेपेला चित्र नको, राहीबाईलाच पुढे उभं करायचं, असं त्यांनी गनीभाईंना सांगून ठेवलं.

राहीबाई वैशाखात त्या खोकल्यातच गेली. त्या साली पाऊस पडला नाही, ऊस जळाला, आणि पुढच्या हंगामात बॉयलर पेटलाच नाही.