चित्र नवं, वाचणारी जुनी

लोजाबाई सिनेमातली प्रेमाची कबुली अशी वाचायच्या: “माझं तुझ्यावर प्रेम आहे. तुझ्याशिवाय मी जगणार नाही.” आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, आता पुढे म्हणतील, ही गाडी चाळीस मिनिटं उशिराने धावत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. त्याला कारणही होतं. लेओकादिया पेंकाला, म्हणजे आमच्या इमारतीच्या जिन्यातल्या सगळ्यांच्या लोजाबाई, पोलंडमधल्या आमच्या रादोम स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायच्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्या काचेच्या खोलीत काढली. गाडी दोन नंबरवर येतेय असं त्यांनी सांगितलं, की स्टेशनमास्तरसुद्धा मुकाट दोन नंबरवर जाऊन उभा राहायचा.

मी आंब्रोझी, त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. सिनेमात लोजाबाई जे वाचायच्या ते भाषांतर माझं असायचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर कुणी सांगत नाही.

सुरुवात त्यांच्या नवऱ्याने केली. वितोल्ड लिबियात रस्ते बांधायला गेला आणि येताना व्हीसीआर घेऊन आला. टंचाईच्या त्या काळी आमच्या दुकानांत व्हिनेगरच्या बाटल्यांशिवाय काही दिसायचं नाही, पण रविवारच्या बाजारात हवा तो परदेशी सिनेमा कॅसेटवर मिळायचा. फक्त तो कळायचा नाही. परदेशी सिनेमा बघायची आमची रीत ठरलेली आहे. एकच माणूस सगळ्यांची वाक्यं वाचतो. नायक, नायिका, खुनी, तान्हं पोर, सगळ्यांची. मूळचे आवाज मागे बारीक चालू असतात. वाचणाऱ्याने रडायचं नाही, ओरडायचं नाही, अभिनय तर मुळीच करायचा नाही. आणि वाचणारा पुरुषच हवा. हे कुठे लिहिलेलं नाही, पण विचारा कुणालाही.

वितोल्डने ठरवलं, आपणच वाचायचं आणि आपणच विकायचं. शिकागोच्या मावशीमुळे मला इंग्रजी येत होतं, निदान आमच्या जिन्यात सगळ्यांत जास्त येत होतं. मी कानाला हेडफोन लावून लिहून काढायचो. वाचायला वितोल्ड बसला आणि तिसऱ्याच वाक्याला अडखळला. माणूस रस्ते गुळगुळीत बांधायचा, वाचताना मात्र प्रत्येक शब्दाला खड्डा. स्वयंपाकघरातून लोजाबाई हाताला पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या.

“सरक तिकडे,” त्या म्हणाल्या. “तुझी गाडी यार्डातच राहायची.”

आणि त्यांनी सबंध सिनेमा एका बैठकीत वाचला. सीमेवरच्या एका गावात खाणावळ चालवणाऱ्या विधवेची गोष्ट होती ती. मी लिहिलेलं पहिल्यांदा कुणी असं खणखणीत वाचलं, म्हणून मला गहिवरून आलं होतं. आलं होतं, त्यात लाजायचं काय?

बाजारातला माणूस मात्र दुसऱ्याच रविवारी कॅसेट परत घेऊन आला. “वितोल्ड, बाई वाचतेय? घरी बायको बोलतेय, कामावर साहेबीण बोलतेय, आता सिनेमातपण बाईच बोलायला लागली तर गिऱ्हाइकाने जायचं कुठे?” वितोल्डने मान खाली घातली. पुढच्या आठवड्यात त्याने कोपऱ्यावरच्या खाटकाला धरून आणलं, त्याचा आवाज जाड होता म्हणून. जुन्या कॅसेटवर बायकोचा आवाज पुसून खाटकाचा भरायचा, असा त्याचा बेत होता.

लोजाबाई कॅसेटच्या कपाटापुढे उभ्या राहिल्या. “या कॅसेटना हात लावलास तर उद्यापासून लिबियात जाऊन जेवायचं,” त्या म्हणाल्या. वितोल्डने हात लावला नाही. मेला तोवर लावला नाही.

तर असं ते भिंतभर कपाट. खाटकाने वाचलेल्या कॅसेट गावभर गेल्या. लोजाबाईही पुढे वाचत राहिल्या, पण त्यांनी वाचलेल्या कॅसेट घरातच राहिल्या. आम्ही जिन्यातली माणसं त्याच बघायचो. फक्त त्यांची मुलगी नेला बघायची नाही. शाळेत पोरं नाक दाबून तिच्या मागे ओरडायची, “चुंबन फलाट क्रमांक तीनवर येत आहे!” ती घरी येऊन रडायची. “आई, तू वाचू नकोस ना. सगळ्यांच्या घरी पुरुष वाचतो.” लोजाबाई म्हणायच्या, “मग सगळ्यांच्या घरी जा.” त्यांच्यात मायेचा तोटा नव्हता, पण ती मऊ करून वाढायची त्यांना सवय नव्हती.

पुढे स्टेशनवर यंत्र आलं. कुणा परक्या बाईचे शब्द तुकड्या-तुकड्यांनी जोडायचे, गाडी रद्द झाली तरी ती आनंदाने सांगणार. निवृत्त झाल्यावर लोजाबाई एकदा ते ऐकायला गेल्या. यंत्राने एक घोषणा केली. ती संपताच लोजाबाईंनी फलाटावर उभं राहून तीच घोषणा आपल्या तोंडाने पुन्हा केली, नीट. मग दुसरी केली, मग तिसरी. शेवटी पहारेकऱ्याने त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. त्याला त्यांनी बजावलं, “मी फुकट काम करतेय, उपकार मान.”

यंदा हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांचा व्हीसीआर गेला. जाताना त्या खाणावळवालीच्या कॅसेटची फीत चावून गेला. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. नेला आता आयर्लंडला असते. तिने मागच्या उन्हाळ्यातच काही कॅसेट कॉम्प्युटरवर घालून पाहिल्या होत्या. चित्रात नुसता बर्फ, आणि आवाज इतका घासलेला की लोजाबाई पडसं झाल्यासारख्या ऐकू येत होत्या. म्हणजे तो आवाज तसाही चाललाच होता. लोजाबाईंनी ते ऐकलं आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत, जसं काही मीच घासला होता.

डिसेंबरात त्यांचा नामदिन असतो, म्हणजे त्यांच्या नावाच्या संतिणीचा दिवस. आमच्याकडे नामदिनाला कुणी बोलावत नाही, ज्याला आठवण असते तो येतो. मी गेलो, तळमजल्यावरची फेलिसिया आली आणि दुपारच्या विमानाने नेला आली. तिच्यासोबत नवा प्लेयर, वाटेत विकत घेतलेला भलामोठा टीव्ही आणि त्या सगळ्या जुन्या सिनेमांच्या नव्या आवृत्त्या. एकेक डिस्क चकचकीत डबीत. आणि रिकामे खोके.

“हे खोके कशाला?” लोजाबाईंनी विचारलं.

“कॅसेटसाठी. उद्या गाडी येऊन घेऊन जाईल. आई, तुला खोकला आहे, ती सगळी धूळ...”

“धूळ मी पुसते.”

“त्या लागतच नाहीत आता! लावणार कशावर?”

“तुझ्या बापाचे बूटपण आहेत कपाटात. ते कुणाच्या पायात घालते मी?”

फेलिसियाने हेरिंग माशाच्या बशीत डोकं घातलं. मी चहाचा पेला फिरवत बसलो. नेला काही वाईट बोलत नव्हती, हे मलाही कळत होतं. पण त्या खोक्यांकडे बघून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. स्टेशनवरून ही बाई काढली, बाजारातून काढली, आता घरातूनही काढा म्हणजे झालं.

“एकदा बघ तरी,” नेला म्हणाली. “एकच बघ. मग ठरव.”

तिने खाणावळवालीची डिस्क लावली. आणि खरं सांगतो, आजवर आम्ही ज्याला धुकं समजत होतो ते डोंगर निघाले. खाणावळवालीच्या नाकावर बारीक ठिपके होते, बाहीला ठिगळ होतं. लोजाबाई उठून टीव्हीजवळ गेल्या.

“अगं बाई, ही तरुण आहे,” त्या म्हणाल्या. “मी इतकी वर्षं हिला म्हातारी धरून वाचलं.”

नेलाचा चेहरा फुलला. तेवढ्यात नव्या आवृत्तीतला पुरुष वाचायला लागला. चांगला आवाज होता, मलईसारखा. खाणावळवाली म्हणते, “जेवण संपलंय, तुम्ही जा.” ते तो असं वाचतो, जणू तो त्यांना रात्रीचं राहायला सांगतोय. लोजाबाईंनी ते सोसलं. दुसरं वाक्य सोसलं. तिसऱ्याला हात पुढे केला.

“याला बंद करता येतं का?”

“येतं, पण मग इंग्रजी राहील. तुला कळणार नाही.”

“मला पाठ आहे.”

“आई, पुरे ना. लोक बसलेत.”

“लोकांसाठीच वाचते. चित्र तू आणलंस ते छान आहे, ते राहू दे. ह्या गड्याला घरी पाठव. आणि ते खोके दाराबाहेर ठेव, पायात येतात.”

नेलाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. तिने बटण दाबलं.

आणि लोजाबाई वाचायला लागल्या. खुर्चीत ताठ, हात मांडीवर, आवाज थोडा चिरका झालेला, पण सपाट, स्वच्छ, एका रुळावरून. मी लिहिलेलं वाक्य न वाक्य. घोडे आले, गोळीबार झाला, प्रेम झालं, सगळं वेळेवर. फेलिसिया खायची थांबली. नेला दाराजवळ उभी होती, शाळेतून आल्यावर उभी राहायची तशीच, हाताची घडी घालून.

मग गडबड झाली. खाणावळवाली रात्री भांडी घासतेय, आणि तीन माणसं आत येतात. हा प्रसंग आमच्या कॅसेटवर नव्हताच. कुणी, कुठे कापला होता देव जाणे. नव्या आवृत्तीत तो परत घातला होता. लोजाबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. खाणावळवाली पडद्यावर बोलत होती, आणि खोलीत ती काय बोलतेय हे कुणी सांगत नव्हतं. स्टेशनवर गाडी यावी आणि घोषणाच होऊ नये, तशी लोजाबाईंची मान पहिल्यांदा खाली गेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कान दिला, पण माझे कान आता तसे राहिलेले नाहीत. मला नुसती भांडी ऐकू आली.

“आंब्रोझी, सांगा ना!”

“ती... जेवणाबद्दल काहीतरी...”

“अहो, सुरी हातात घेऊन जेवणाबद्दल?”

 नेला दाराजवळून पुढे आली आणि तिने सिनेमा मागे नेला. मला वाटलं, आता ही त्या मलईवाल्याला परत बोलावणार. पण तिने तो प्रसंग पुन्हा चालू केला आणि खालमानेने म्हणाली, “ती म्हणतेय, सज्जनहो, कृपया इथून जा.”

“खोटं,” लोजाबाई म्हणाल्या. “आता मला तिचं तोंड दिसतंय. या तोंडाने कुणी ‘सज्जनहो’ म्हणत नाही.”

“आई, ती फार घाण बोलतेय. फेलिसियाकाकू बसल्यात.”

“फेलिसियाने तीन नवरे पाहिलेत. काय म्हणतेय ते सांग.”

नेलाने पुन्हा मागे नेलं. एक श्वास घेतला. आणि लाल होत, भराभर, पण एकही शब्द न गाळता म्हणाली, “निघा इथून, भडव्यांनो. ही खाणावळ माझी, हे घर माझं, आणि इथे कोण बोलणार ते मी ठरवणार. परत आलात तर तुमचीच आतडी शिजवून तुम्हाला वाढीन.”

लोजाबाईंनी पडद्यावरच्या बाईचं तोंड उघडायची वाट पाहिली. मग सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात, कुठे चढ नाही, कुठे उतार नाही, त्यांनी घोषणा केली: “निघा इथून, भडव्यांनो. ही खाणावळ माझी, हे घर माझं, आणि इथे कोण बोलणार ते मी ठरवणार. परत आलात तर तुमचीच आतडी शिजवून तुम्हाला वाढीन.”

फेलिसियाला ठसका लागला. नेला हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईतोवर हसली, आणि हसता हसता तिने स्टूल ओढून आईच्या खुर्चीला टेकवलं. पडद्यावर ती तीन माणसं पळाली. त्यांची दोन-तीन वाक्यं होती, तीही नेलाने सांगितली आणि लोजाबाईंनी वाचली.

नवा प्रसंग तिथे संपला. पुढचा आमच्या कॅसेटवरचाच होता, सकाळी खाणावळवाली अंगण झाडते आणि शेजारणीशी बोलते तो. त्यातलं अक्षर न अक्षर लोजाबाईंना पाठ होतं. माझंच होतं ते. पण नेलाच्या ते ध्यानात आलं नाही. ती आईच्या कानाशी वाकून पुढचं वाक्य सांगत राहिली, माझ्यापेक्षा वेगळं, आणि कबूल करायला जिवावर येतं, पण जास्त बरं. लोजाबाई पाठ असलेलं वाक्य गिळून थांबायच्या, मुलीचं ऐकून घ्यायच्या, आणि तेच वाचायच्या. एकदा त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं, की तोंड उघडाल तर याद राखा. मी तोंड उघडलं नाही. सिनेमा संपेपर्यंत त्यांनी माझं एकही वाक्य वाचलं नाही.