आपल्या मनाने बसवलेला सायलेन्सर

गॅरेजमध्ये किस्से साठवायला वेगळी जागा लागत नाही. आमच्याकडे ते मागच्या शेडमध्ये एकावर एक रचलेले असतात, गंज धरत. प्रत्येक किस्सा म्हणजे एक सायलेन्सर, आणि प्रत्येक सायलेन्सरचा एक मालक. तो काढून घेताना मालक न चुकता म्हणतो, "टाकू नका हां मामा, कंपनीचा आहे."

कंपनीचा आहे हे कळतं. कंपनीने तो का लावला असेल, एवढंच कळत नाही!

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत इरण्णामामाचं गॅरेज आहे. दोन्ही बाजूंना टॉवेलचे कारखाने, दिवसभर यंत्रमागांचा खटखटाट. इरण्णामामा माझ्या आईचा सख्खा भाऊ. त्याला मूलबाळ नाही, त्यामुळे मी मेकॅनिकल इंजिनिअर झालो तेव्हा गॅरेज पुढे मीच बघणार हे घरात ठरूनच गेलं. माझी ना नव्हती. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, वायरिंग, सगळं आवडीचं काम. फक्त एका कामाने माझं डोकं फिरायचं, आणि मामाचं नाव जिल्हाभर झालं होतं ते नेमकं त्याच कामामुळे. ज्याच्या दारात जोरात पळणारी टर्बो गाडी आली, तो आधी देवाला जाऊन यायचा आणि मग सायलेन्सर काढायला मामाकडे.

काम सोपं. गाडी वर घ्यायची, सायलेन्सरचा डबा कापायचा, जागेवर सरळ पाइप टाकायचा. कुणीतरी इंजिनिअरने वर्षानुवर्षं डोकं चालवून शांत केलेली गाडी आमच्याकडे तासाभरात बोंबलायला लागायची. मालक तिच्यामागे उभा राहून डोळे मिटायचा, जणू गाणं ऐकतोय.

मी मामाला सांगून टाकलं, मी गॅरेजमध्ये येतो, पण हे काम बंद झालं पाहिजे. मामाचं म्हणणं, गिऱ्हाइकाला आवाज हवा असतो म्हणून आपण देतो, नको झाला की तेच परत येतील. मी म्हटलं, शक्यच नाही. मग मामाने कटर खाली ठेवला.

"बघ इंजिनेर, एक जरी माणूस आपल्या मनानं सायलेन्सर परत बसवाया आला, पोलिसाचं भ्या न्हाय, घरच्याचं भ्या न्हाय, नुसता आपल्या मनानं, तर त्या दिवसापासनं हितं हे काम बंद. शब्द हाय."

आणि तोपर्यंत? तोपर्यंत मी बाकी सगळं करणार, कटरला हात लावणार नाही, असं ठरलं. मला वाटलं, असा एक माणूस तर चार आठवड्यांत सापडेल. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला माणूस असलंच काहीतरी धरून चालतो.

*

पहिला परत आला श्रीनिवास. शेजारच्याच टॉवेल कारखान्याच्या मालकाचा मुलगा. पुण्याहून सेकंडहँड जर्मन गाडी आणलेली, सायलेन्सर काढून वर्षही झालं नव्हतं.

काढला त्या दिवशीची गोष्ट आधी सांगतो. आवाज ऐकवायला श्रीनिवासने वडिलांना बोलावलं. वडिलांचा जन्म मागांच्या खटखटाटात गेलेला, कान कधीच बसलेले. ते येऊन पुढच्या सीटवर बसले. श्रीनिवासने पाय दाबला, आमच्या शेडचे पत्रे थरथरले, पलीकडच्या चहावाल्याने पातेलं धरून ठेवलं. वडील शांतपणे समोर बघत बसले. मग मुलाला म्हणाले, "सेल मार की. चालू का होईना?"

तर हाच श्रीनिवास एके सकाळी येऊन म्हणाला, मामा, माझा जुना सायलेन्सर बसवा. मला आनंदाने काय करू आणि काय नको झालं. मी त्याला चहा पाजला. चहा पिता पिता तो म्हणाला, शहरात पोलिसांची मोहीम सुरू आहे, धरलेले पाइप रस्त्यावर टाकून त्यावर रोलर फिरवतायत. त्याचा पाइप बाहेरून मागवलेला होता. तो रोलरखाली बघवला नसता म्हणे.

रोलरखालचा पाइप बघवत नाही! गाडी जवळून गेली की दचकून उठणारं तान्हं बाळ मात्र बघवतं.

"भ्या," मामा म्हणाला. "धरायचं न्हाय."

मोहीम संपली, श्रीनिवास परत आला. येणार हे मामाला माहीतच होतं. त्याने या वेळी वेल्डिंग केलंच नव्हतं. नट-बोल्टवर बसवला होता, चहा होईपर्यंत काढता यावा म्हणून. पुढे मामाने सगळ्यांनाच तशी सोय करून दिली. माणसाच्या स्वभावावर एवढा मोठा विश्वास मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

*

नट-बोल्टचा सर्वांत जास्त फायदा घेतला तो मोडनिंबच्या हॉटेलवाल्याने. हायवेला त्याचं हॉटेल. गाडी अशी की गिऱ्हाइकाच्या ताटातली भाकरी हलावी. त्याचं लग्न जमवायचं चाललं होतं. मुलगी बघायला जायच्या आदल्या दिवशी तो आला आणि सायलेन्सर बसवून घेऊन गेला. मुलीचे वडील निवृत्त मास्तर, घर शांत, माणसं शांत.

मास्तरांना मुलगा पसंत पडला. बैठकीत ते चारचौघांत म्हणाले म्हणे, "गाडी बघा ना, दारात कधी आली तेही कळलं नाही. माणूसही तसाच आहे."

साखरपुडा झाला. दुसऱ्या दिवशी जावईबापू आमच्याकडे हजर, काढा सायलेन्सर. काढला. संध्याकाळी, मास्तर घरी नाहीत असं बघून, त्याने होणाऱ्या बायकोला भेटायला गाडी नेली. ती खिडकीत आली, बघत राहिली, आणि तिने फोन करून विचारलं, "त्या दिवशीची भाड्याची होती का?"

लग्न झालं, पण प्रकार संपला नाही. मास्तर लेकीकडे यायचे असले की आमचा फोन वाजायचा. "मामा, सासरे परवा येतायत." मामा काही न विचारता बोल्ट शोधायला लागायचा. सासऱ्यांच्या दृष्टीने जावयाची गाडी आजही जिल्ह्यात सर्वांत शांत आहे. एकदा ते न कळवता आले, तेव्हा याने त्यांना सांगितलं की गाडी आजारी आहे. मास्तरांनी बोनेटवर हात ठेवून पाहिला.

मामाने याचाही निकाल दिला. "सासऱ्याचं भ्या पोलिसापरास मोठं. धरायचं न्हाय."

*

मधल्या काळात मी गिऱ्हाइकांना शिकवायचंही ठरवलं. एकाला समोर बसवलं, कागदावर सायलेन्सरचं पोट कापून काढल्यासारखी आकृती काढली. आतली छिद्रं कशाला, कप्पे कशाला, आवाजाची लाट आपटून आपटून कशी मरते, नुसता डबा काढून गाडी जोरात पळत नाही, फक्त जोरात ओरडते, सगळं समजावलं. असं मन लावून ऐकणारा विद्यार्थी मी इंजिनिअरिंगच्या वर्गातही पाहिला नव्हता. शेवटी त्याने माझ्या आकृतीवर बोट ठेवलं.

"म्हंजे अजून मोठा आवाज पायजे असला तर हे पुढचं पण काढाय लागतंय. व्हय ना?"

मामा गाडीखाली होता. तिथून त्याचं हसणं बराच वेळ ऐकू येत होतं.

*

मी खरोखर जिंकलो असं मला ज्याच्यामुळे वाटलं, ते होते क्लासवाले सर. शहरात त्यांचा कोचिंग क्लास आहे. भिंतीवर शिस्तीची वाक्यं, बाहेर त्यांचा हाताची घडी घातलेला फोटो, आणि खाली लाल रंगाची बोंबलणारी गाडी. विद्यार्थ्यांना शांतता पाळायला सांगणारा माणूस स्वतः यायचा तो असा.

सरांना आपल्या वर्गाचा फार अभिमान. मी कधीही वर्गात शिरतो, पोरं वहीत डोकं घालून बसलेली असतात, असं ते सगळीकडे सांगायचे. आमच्या गॅरेजमध्येही सांगितलं. मी न राहवून म्हणालो, "सर, तुमची गाडी दोन चौक आधीपासून ऐकू येते."

सरांनी वळून गाडीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं. मग म्हणाले, बसवा सायलेन्सर, आत्ताच्या आत्ता.

मी मामाकडे बघितलं. पोलीस नाही, सासरे नाहीत. मामा म्हणाला, थांब जरा. मी म्हटलं, आता कशाला थांबायचं? याला भ्या कुणाचं आहे? मामा पुन्हा म्हणाला, थांब की लेका, आणि सायलेन्सर बसवायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर आले. रात्रीतून वय वाढल्यासारखे दिसत होते. गाडीतून उतरले, स्टुलावर बसले, पाणी मागितलं. शांतपणे गाडी लावून ते जिना चढले होते आणि दारातून वर्ग पाहिला होता. काय पाहिलं ते त्यांनी पूर्ण सांगितलं नाही. एवढंच कळलं की एकजण फळ्यासमोर उभा राहून सरांची नक्कल करत होता आणि पोरांना ती सरांच्या शिकवण्यापेक्षा जास्त समजत होती.

"काढा हो मामा," सर म्हणाले. "आधीचंच बरं होतं. निदान मी यायच्या आत वह्या तरी उघडत होती."

*

त्यानंतर मी आशाच सोडली होती. मामाला स्पष्ट सांगितलं, हे काम बंद होणार नसेल तर मी पुण्याला नोकरी बघतो. मामा "साकु," एवढंच कानडीत पुटपुटला, पुरे झालं म्हणून, आणि कामाला लागला. त्याचं तोंड उतरलेलं मला दिसलं. पण मीही मागे हटणार नव्हतो.

आणि मग अकलूजहून अभिदादा आला. बागायतदाराचा एकुलता एक मुलगा, वय माझ्याएवढंच, पण सगळे दादा म्हणतात म्हणून मीही म्हणतो. त्याच्या गाडीइतका आवाज आमच्या हातून दुसऱ्या कुठल्याच गाडीचा झालेला नाही. ती फाटकातून आत आली की शेजारच्या कारखान्यातले कामगार माग सोडून बाहेर येतात.

दुपारची वेळ, आम्ही डबे उघडले होते. तो उतरला आणि म्हणाला, "मामा, माझा कंपनीचा सायलेन्सर हाय नव्हं? बसवा. अन् वेल्डिंग मारा. ते बोल्टबिल्ट नको, आवाज गळतो त्यातनं."

वेल्डिंग! कायमचा! मी डबा तसाच ठेवून उठलो. पोलिसांनी धरलं का, विचारलं. तो हसला, मला कोण धरतंय म्हणाला. सासरवाडी? लग्नच झालेलं नाही. वडील काही बोलले? गाडी वडिलांनीच घेऊन दिलेली, आवाजाची हौस त्यांनाच जास्त. शेजारीपाजारी? घराच्या चारी बाजूंना त्याचाच ऊस.

"मग का बसवतोयस, दादा?"

"मला पायजे म्हणून. गाडी एकदम गप्प पायजे. सुई पडली तर ऐकू आली पायजे."

मामाने माझ्याकडे पाहिलं. स्वतः गाडीखाली गेला, स्वतः वेल्डिंग केलं, फडक्याने सायलेन्सर पुसलासुद्धा. गाडी सुरू केली. सुरू झाली हे काट्यावरून कळलं. पलीकडच्या मागांचा खटखटाट स्पष्ट ऐकू येत होता. मामाने कटरची वायर भिंतीतून काढली, हाताला गुंडाळली आणि कटर कपाटात ठेवून दिला.

"शब्द म्हंजे शब्द," तो म्हणाला. "मी हारलो. आता पुण्याला जायाचं नाव काढू नको."

मी अभिदादाचा हात हातात घेतला. म्हटलं, दादा, तुझ्यासारखा एक जरी माणूस असला ना...

"ते असू दे," तो म्हणाला आणि त्याने डिकी उघडली. आत घागरीएवढे दोन काळे स्पीकर होते, वायरींच्या भेंडोळ्यासकट. मागच्या बंपरखाली बसवायचे. मोबाइलवर गाडी निवडायची आणि अॅक्सिलरेटर दाबला की त्या गाडीचा आवाज बाहेर. इटलीच्या गाडीचा, शर्यतीच्या गाडीचा, हवा तो. आपला स्वतःचा आवाज त्यात मिसळतो आणि मजा जाते, म्हणून गाडी आधी गप्प करून घ्यायची. त्याने स्पीकर जमिनीवर ठेवून, वायरी तात्पुरत्या जोडून ऐकवलंच. शेडचे पत्रे, पाने, डबे, सगळं वाजायला लागलं. कामगार माग सोडून बाहेर आले.

मामा कंबरेवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग त्याने टूलबॉक्समधून पक्कड उचलली आणि माझ्या हातात दिली.

"जिंकलास की, इंजिनेर. कटर बंद म्हंजे बंद. घे, वायरिंग तू शिकलायस."