मामांचा वाघ तपासायला कान्ह्याला

जंगलात जायचं ठरलं ते सत्यनारायणाच्या पंगतीत, आणि कारण मीच होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझे सासरे, म्हणजे मामा, बदलापूरच्या पुढे बारवी धरणाकडच्या गावात शेती करायचे. तरुणपणी ओढ्यावर वाघ पाहिल्याची गोष्ट ते प्रत्येक कार्यात सांगत. त्या दिवशी मी भर पंगतीत म्हणालो, "मामा, तो बिबट्या असणार. आपल्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात." सगळे हसले. त्यानंतर मामांनी ती गोष्ट सांगणंच सोडलं.

मी उल्हासनगर कॅम्प चारमध्ये मोटर रिवाइंडिंगचं काम करायचो. शाळा नववीपर्यंत, पण डिक्शनरी शेजारी ठेवून वाचनालयातली प्राण्यांवरची सगळी इंग्रजी पुस्तकं वाचून काढलेली. त्यामुळे मी बोललो ते बरोबरच होतं. बायको शोभा म्हणाली, "बरोबर होतं ना? मग बाबांना पट्ट्यांचा वाघ दाखवून आणा. त्यांचं ते ठरवतील."

कान्ह्याच्या जंगलातल्या एका खासगी लॉजला पत्र टाकलं, मनीऑर्डर केली. तीन आठवड्यांनी पोस्टकार्डावर होकार आला. शेजारचे सिंधी दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाले, "मास्टर, पैसे देके मच्छर कटवाने जा रहे हो? खंडाला जाओ ना!"

कल्याणहून हावड्याकडची गाडी पकडून गोंदियाला उतरायचं. तिथून बालाघाट, बैहर अशा एस.टी. बदलत अर्धा दिवस जातो. बैहरला गरम भजी मिळतात, ती सोडू नका. पुढे लॉजपर्यंत पोटात टाकायला काही नाही. आणि मार्च असला तरी स्वेटर न्या. मी नेला नव्हता.

लॉज म्हणजे सालाच्या झाडांत सहा मातीच्या खोल्या. कौलं, शेणाने सारवलेली जमीन, आंघोळीचं पाणी चुलीवरच्या पिंपातून. मामा भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "जावयबापू, आपल्या गावातला घर आणि ह्यो घर, फरक काय? याला तुम्ही पैसं दिलं?"

"मामा, बाहेर जंगल आहे ना."

"तिकडं पन हाय!"

शोभा हसून हसून खाटेवर बसली. जेवण मात्र राजेशाही होतं. तूरडाळ, लाल भाजी, आणि मामांनी स्वयंपाक्याला स्वतः थापून दाखवलेली तांदळाची भाकरी.

पहिल्या दिवशी जीपच्या दोन फेऱ्या झाल्या. वहीतली नोंद अशी: बारशिंगे बावीस, गवे सात, तुरेवाला सर्पगरुड एक, वाघ शून्य. मी वाटेत सगळं समजावून सांगत होतो. वाघाचं वजन, वाघाचं क्षेत्र, वाघ पाण्यावर कधी येतो. शेवटी मामांनी माझा दंड धरला.

"रानात नाव घेऊ नये. जनावर म्हना."

"ही अंधश्रद्धा आहे, मामा."

पुढे बसलेला गोंड ड्रायव्हर न वळता म्हणाला, "बाबा सही बोलते हैं. नाम तो हम भी नहीं लेते." तेव्हापासून ते दोघे एका पार्टीत. एक मराठीत बोले, दुसरा हिंदीत, आणि मधे मी नकोसा.

दुसरी सकाळ शेवटची. उन्हं वर आली, परतायची वेळ झाली. माझ्या अभ्यासाप्रमाणे पाणवठ्याकडे जायला हवं होतं आणि तसं मी सांगितलंही. तेवढ्यात डावीकडे एक वानर खोकल्यासारखं ओरडलं.

"थांबवा," मामा म्हणाले.

"मामा, वानरं ओरडतातच."

"ह्यो खायला मिळाला म्हनून ओरडत नाय. ह्यानं बघितलान."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इंजिन बंद केलं. पाच मिनिटांनी बांबूतून तो आला. पूर्ण वाढलेला नर, आमच्यापासून साठ फुटांवर. अंदाजात चूक असली तर पाच फुटांची. रस्ता ओलांडताना मधेच थांबून त्याने आमच्याकडे पाहिलं आणि सावकाश निघून गेला. शोभाच्या डोळ्यांत पाणी होतं. मामांनी हात जोडलेले होते.

मला राहवेना. "मामा, तुम्ही पाहिलेला असाच होता?"

त्यांनी मान हलवली. "नाय, जावयबापू. माझ्याच्या अंगाव ठिपके होते. तुमचा खरा." आणि एकदम लहान मुलासारखे हसले. "पन आता माझे दोन झाले!"

इतक्या सहज हरणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी असतो तर निदान पट्ट्यांवरून वाद घातला असता. परतीच्या गाडीत मी हेच मनात घोळवत होतो. बारशिंगे, सालाचा मोहोर, सगळं त्याच्या मागे पडलं.

कल्याणहून लोकलने बदलापूरला उतरून आधी मामांना गावी सोडायला गेलो. तासाभरात ओटा माणसांनी भरला आणि मामांनी कित्येक दिवसांनी गोष्ट सांगायला घेतली. वानर ओरडलं, बांबू हलला, आणि जनावर दहा हातांवर येऊन उभं!

"दहा हात?" शेजारचा किसनदादा म्हणाला. "म्हातारा परत सुरू झाला! जावयबापू, तुम्ही मोजून बोलनारी मानसं. खरं किती?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मामाही. वही माझ्या खिशातच होती.

"दहा कुठले?" मी म्हणालो. "आठ असतील."