मीनाची आई कुठे गेली?

"मॅडम, अख्ख्या वर्गाची एकच चूक कशी काय होते?"

तपासणीला आलेल्या साहेबांनी चौथीचे पेपर माझ्या टेबलावर ठेवले. चौथीच्या वर्गशिक्षिका कांबळे बाई दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

मी घोडपदेवच्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका. एके काळी इथे गिरणी कामगारांची पोरं दाटीवाटीने बसायची. आता त्यांची नातवंडं इंग्रजी माध्यमात जातात. आमच्याकडे उरलीत ती चाळीतली काही मराठी मुलं, आणि कॉटन ग्रीनच्या गोदामांत किंवा टॉवरच्या बांधकामावर काम करणाऱ्या बिहारी, तेलुगू, यूपीवाल्या आईबापांची मुलं. पट, म्हणजे हजेरीवरची मुलांची संख्या, दरवर्षी घटतो. पट कमी आणि त्यात निकालही कमी लागला, की शाळेचं समायोजन होतं. शब्द मोठा गोंडस आहे. अर्थ एवढाच, की आमच्या दाराला कुलूप आणि मुलांची दुसऱ्या शाळेत रवानगी.

ती दुसरी शाळा माल वाहणारे ट्रेलर धावतात त्या रस्त्यापलीकडे आहे. चौथीतल्या लक्ष्मीच्या आईने ॲडमिशनच्या वेळीच सांगून टाकलं होतं, "बाई, रस्ता क्रॉस करायचा नाय म्हणून इथे घातली. नायतर घरीच ठेवली असती." असं बोलणारी ती एकटी नव्हती. त्यामुळे शाळा बंद झाली तर कोणकोण घरी बसेल, ते मला नावानिशी माहीत होतं.

परीक्षेत एक छोटा उतारा होता. मीना खोलीत झोपली होती. आई दुसऱ्या खोलीत गेली. मीनाला जाग आली, ती रडू लागली. आईने धावत येऊन तिला उचललं. त्याखाली प्रश्न. आई घरात होती की बाहेर? मीना घरी एकटी होती का? आमच्या मुलांनी लिहिलं होतं, आई बाहेर होती आणि मीना घरी एकटी होती. पहिलंच उत्तर चुकलं की त्याच्यामागून सगळी चुकतात. आकलनाचे, म्हणजे वाचलेलं कळण्याचे, जवळजवळ सगळे मार्क गेले होते.

"दोनच शक्यता आहेत," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, आवाजही चढलेला नव्हता. त्यामुळे जास्तच धडकी भरली. "एक तर कॉपी झाली. मग या बाईंना मेमो द्यावा लागेल. नाहीतर मुलांची मातृभाषा मराठी नाही, म्हणून त्यांना उतारा कळला नाही. तसा शेरा मारला की समायोजनाची शिफारस आपोआप जाते. मला चार वाजता निघायचंय."

"साहेब, मी फळ्याजवळून हलले नाही. कोणी मान वळवली नाही," कांबळे बाई म्हणाल्या.

मी पेपर पुन्हा चाळले. राग आला होता, साहेबांचा की परीक्षेचा तेच कळत नव्हतं. वरचाच पेपर सावंतांच्या ऋतुजाचा. तिच्या घरी मालवणीशिवाय बोलत नाहीत. तिचंही उत्तर तेच, बाहेर. मग मातृभाषेचा संबंध आला कुठे? उत्तर बरोबर होतं ते एकाच मुलीचं. आणि ती होती लक्ष्मी, जिच्या घरी तेलुगू बोलतात.

"साहेब, पाच मिनिटं वर्गात चला."

त्यांनी घड्याळ बघितलं, पण उठले.

मी ऋतुजाला उभं केलं. "मीनाची आई बाहेर गेली, असं का लिहिलंस गं?"

"बाई, ती दुसऱ्या खोलीत गेली ना? मग बाहेरच झाली ना!"

"दुसरी खोली म्हणजे?"

"शेजारची. आमची बारा नंबर खोली, तेरा नंबर इरफानची."

मागून इरफान म्हणाला, "बाई, मीनाच्या आईने दरवाजाला कडी पण नाय लावली. बच्ची अकेली होती ना!" त्याला मीनाच्या आईचा खरोखर राग आला होता.

आमच्याकडे खोली म्हणजे घर. कोकणातला असो की दरभंग्याचा, इथे आला की त्याची खोली होते. घरात खोल्या असतात हे या मुलांनी बघितलेलंच नाही. मग मी लक्ष्मीला विचारलं, "तू घरात कसं लिहिलंस?"

ती आधी घाबरली. "चुकलं का बाई? मम्मी टॉवरमध्ये कामाला जाते ना, तिथे एकाच घरात चार खोल्या आहेत. मी सुट्टीत जाते."

साहेबांनी पेन खिशाला लावलं. मग कांबळे बाईंना म्हणाले, "मेमोचं विसरा." बाईंनी तोंडाला पदर लावला.

मार्क बदलता येत नाहीत, पण राखीव उताऱ्यावर फेरचाचणी घेता येते. साहेबांनी बॅगेतून नवा उतारा काढला, स्वतःच वाचला आणि थबकले.

"आजोबा आपल्या गॅलरीत एकटेच बसले होते," ते मला म्हणाले. "मॅडम, इथे गॅलरी..."

"अख्ख्या माळ्याची एक, साहेब."

"म्हणजे एकटं बसता यायचं नाही."

"भांडण करूनसुद्धा नाही."

तो कागद परत बॅगेत गेला. तिसरा उतारा कावळ्याचा होता. कावळ्याला घर नव्हतं, नुसतं झाड होतं. मुलं लिहीत होती तोवर मी व्हरांड्यात येरझारा घातल्या. चार कधीच वाजून गेले होते, साहेब निघाले नव्हते.

निकाल काही डोळे दिपवणारा नव्हता, पण चौथी तरली. समायोजनाची शिफारस गेली नाही. लक्ष्मी दुसऱ्या दिवशी रस्ता न ओलांडता शाळेत आली. पुढच्या वर्षी काय होईल, मला ठाऊक नाही. पट तर आणखी घटलाय.

एक मात्र शिकले. परीक्षेचा उतारा हातात आला की मुलांना किती कळलं ते मी नंतर बघते. लिहिणाऱ्याच्या घराला खोल्या किती, ते आधी बघते.