मंदाच्या हाडांसाठी अर्धं पोतं कांदे

माझ्या बायकोची हाडं बळकट करण्याच्या मोहिमेत पहिलं हाड मोडलं ते माझं.

मोहिमेला कारण झालं मंदाचं पडणं. दिवाळीच्या साफसफाईत ती स्टुलावरून पडली. स्टूल तरी केवढं? माझ्या गुडघ्यालाही लागत नाही. पण मनगटाचं हाड मोडलं आणि हात दीड महिना प्लास्टरमध्ये गेला. प्लास्टर निघाल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी तिच्या हाडांची तपासणी करायला लावली आणि रिपोर्ट बघून म्हणाले, "वहिनी, हाडं विरळ व्हायला लागलीत. पाळी गेल्यावर बऱ्याच बायकांचं होतं असं. गोळ्या देतो, पण नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही. हाडांना काम द्या. हळूहळू वजन उचलायला शिका."

"आता शिकू?" मंदा म्हणाली. "मग तीस वर्षं घरातली सिलिंडरं कोण सरकवत होतं?"

डॉक्टर हसले. मी तिथे गप्प बसायला हवं होतं.

"माझं बघा डॉक्टर," मी म्हणालो. "वय एकोणसाठ. रोज जॉगिंग ट्रॅकवर चार फेऱ्या. लग्नात चौसष्ट किलो होतो, आजही चौसष्टच!"

डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. (मध्ये, पोटापाशी, जरा थांबले.) "सर, चालताय ते उत्तमच आहे. पण वय वाढतं तसे स्नायू कमी होत जातात, आणि त्यांना काम दिलं नाही तर त्यांच्या जागी चरबी मुक्कामाला येते. काट्याला ते कळत नाही. पोतं तेवढंच, आतला माल बदललेला!"

चौतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला पोतं म्हणाले! मला ते फार लागलं.

आमच्या मागच्या गल्लीतल्या हॉलमध्ये एक फिजिओथेरपिस्ट मुलगी पन्नाशीपुढच्या बायकांचा व्यायामाचा वर्ग घेते. मंदाला तिथे नाव घालायचं होतं.

"कशाला?" मी म्हणालो. "उठाबशा शिकवायला बाहेरचं माणूस कशाला? माझ्यासमोर आजवर निदान हजार पोरांनी उठाबशा काढल्यात!"

"पोरांनी काढल्यात. तुम्ही किती काढल्यात?"

मी वर्गात फळ्याकडे वळायचो, तसा खिडकीकडे वळलो.

रविवारी सकाळी पहिला तास ठेवला. येवल्याहून मंदाच्या भावाने अर्धं पोतं कांदे पाठवले होते. पंधरा-सोळा किलो असतील. वजन म्हणून मी तेच हॉलच्या मधोमध आणून ठेवलं. आणलं म्हणजे ओढत आणलं. पण मंदा तेव्हा स्वयंपाकघरात होती, त्यामुळे ते मोजायचं कारण नाही. आई बाल्कनीत फतकल मारून मेथी निवडत होती. आईचं सगळं आयुष्य सायखेड्याच्या मळ्यात गेलं. ऐंशीची झाली, आमच्या फ्लॅटमध्ये येऊन पाच वर्षं झाली, तरी खुर्चीवर बसायचं म्हटलं की तिला पाहुण्याच्या घरी आल्यासारखं वाटतं.

"अहो, आधी रिकाम्या हातांनी करून दाखवा," मंदा म्हणाली.

"रिकाम्या हातांनी हाडांना काय कळणार? भार पाहिजे, भार! आता नीट बघ. पाठ ताठ. छाती पुढे. आणि हे असं पोतं खांद्यावर घेऊन..."

पोतं खांद्यावर गेलं, तेव्हा मलाच आश्चर्य वाटलं. मी खाली बसू लागलो. खाली जाणं फारच सोपं गेलं. किंबहुना मी गेलोच नाही. पोतं गेलं, मी सोबत होतो.

आणि बसलो तो बसलोच.

गुडघ्यांना 'उठा' असा हुकूम पाठवला. उत्तर नाही. पुन्हा पाठवला. डाव्या गुडघ्यातून फक्त 'कट्' असा आवाज आला. समोर मंदा लक्ष देऊन बघत होती.

"असं किती वेळ थांबायचं?" तिने विचारलं.

"झेपेल... तितका," मी म्हणालो.

"बापरे! तुम्हाला बराच वेळ झेपतंय की!"

तिच्या आवाजात चक्क कौतुक होतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, असं कौतुक मी क्वचित ऐकलं होतं. ते सोडवेना. मी आणखी थोडा वेळ थांबलो. मांड्या थरथरायला लागल्या, कानशिलांवरून घाम निघाला. तेवढ्यात बाल्कनीतून आईने आत पाहिलं.

"काय रे परकाश, असा का बसलाय? पोट बिघडलंय का?"

मंदाला हसू फुटलं. मलाही फुटलं, आणि तिथेच घात झाला. पोतं कलंडलं, तोंडाची सुतळी सुटली आणि कांदे हॉलभर झाले. सोफ्याखाली, टीव्हीमागे, दोन तर उघड्या दारातून बाहेर पडून जिना उतरायला लागले. (त्यांना बरं जमत होतं.) वजन गेल्यावर मी सुटकेचा निःश्वास टाकून उठायला गेलो, आणि पहिलाच पाय कांद्यावर पडला. मी हात टेकला. मग जो आवाज आला तो कांद्याचा नव्हता.

मंदा धावली.

"नको!" मी ओरडलो. "तू उचलू नकोस मला! तुझी हाडं!"

ती बिचारी तिथेच थबकली. एक मोडलेला खाली, एक मोडेल म्हणून वर! तेवढ्यात आई उठली. जमिनीवरून, हात न टेकता, मांडीतली मेथी पदरात सावरून उठली. माझ्यामागे येऊन तिने काखेत हात घातले.

"पाय रोव. नीट रोव. आता उठ!"

मी उठलो. एकोणसाठाव्या वर्षी मला आईने उभं केलं.

रिक्षात मी मधे, मंदा आणि आई दोन बाजूंना. मंदा बाहेर बघत होती. रागावली असेल म्हणून मी म्हणालो, "चुकलं माझं."

"पण एवढी घाई कसली होती?" ती म्हणाली.

मग मला सांगावंच लागलं. नांदगावच्या माझ्या सासूबाई अशाच घरातल्या घरात पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं आणि त्या पुन्हा चालल्या नाहीत. शेवटचे सहा महिने मंदानेच त्यांचं सगळं केलं होतं. दिवाळीत ती पडली, तो आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकला होता, आणि तेव्हापासून ती बाथरूममध्ये गेली की मी दाराबाहेर पेपर वाचत बसत होतो.

"तरीच!" मंदा म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला घाई लागलेली असते." मग माझा चांगला हात हातात घेऊन म्हणाली, "भीती वाटते, एवढं म्हणायचं होतंत. कांद्याचं पोतं कशाला?"

दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला बघितलं आणि मंदाकडे धावले. "वहिनी, परत पडलात?"

"मी नाही. हे."

"काय करत होते?"

"मला व्यायाम शिकवत होते."

डॉक्टर एक्स-रेकडे तोंड करून बराच वेळ उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. मग वळून म्हणाले, "सर, एवढ्याशा पडण्याने मोडलं म्हणजे तुमचीही हाडं तपासू या. पुरुषांचीही विरळ होतात. ते फक्त तपासायला येत नाहीत."

तपासली. विरळ निघाली. मंदापेक्षा जराशी जास्तच!

"माझी बी बघा की," आई म्हणाली.

"आजी, वयाप्रमाणे तुमचीही झिजलीच असतील, बघू," डॉक्टर म्हणाले. "पण तुमच्या पायांत ताकद आहे, तोल आहे. तुम्ही पडत नाही, हे लय मोठं काम आहे."

"पडून कसं चालंल?" आई म्हणाली. "मग याला कोण उचलंल?"

माझं प्लास्टर निघेपर्यंत मंदा मागच्या गल्लीतल्या वर्गात दोन-दोन किलोचे डंबेल उचलायला लागली होती. माझं निघाल्यावर तिने मलाही तिथे नेलं. एकोणीस बायका आणि मी. फिजिओथेरपिस्ट मुलीने माझे रिपोर्ट वाचले, मला शेवटच्या रांगेत एक लाकडी खुर्ची दिली आणि म्हणाली, "काका, हात न टेकता खुर्चीवरून उठायचं आणि परत बसायचं. एवढंच."

एवढंच! पहिल्या आठवड्यात मला ते दोनदा जमलं. महिन्याभराने सलग दहा वेळा जमलं, तेव्हा एकोणीस बायकांनी टाळ्या वाजवल्या. मंदाला इतका आनंद झाला की तिने घरी येताच पुण्याला दिलेल्या आमच्या लेकीला फोन केला, "अगं, बाबा आता हात न टेकता उठून उभे राहतात!"

लेकीने ते कौतुकाने सासूला सांगितलं. सासूने सासऱ्यांना सांगितलं. वाटेत त्यातलं कौतुक कुठे सांडलं कोण जाणे, पण पुढच्या रविवारी व्याही आणि विहीणबाई चार शहाळी आणि सफरचंदं घेऊन दारात उभे! दार मीच उघडलं.

"अहो, तुम्ही कशाला उठलात!" विहीणबाई किंचाळल्या.

व्याह्यांनी पिशव्या खाली टाकल्या, मला दोन्ही दंडांना धरलं आणि अलगद नेऊन सोफ्यावर बसवलं.

"मी अगदी ठणठणीत आहे," मी म्हणालो. "थांबा, उठून दाखवतो."

हात छातीशी घेतले, पाय रोवले, पुढे झुकलो. काहीच झालं नाही. पुन्हा झुकलो. सोफा खोल, मऊ आणि प्रेमळ होता.

"राहू द्या, राहू द्या," व्याही डोळे पुसत म्हणाले. "हळूहळू होईल सगळं."

मी मुकाट्याने शहाळं प्यायलो. आमच्या वर्गात अजून सोफा झालेला नाही, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार?