दाऊदभाईंची प्रेसनोट

दाऊदभाई गेले, त्या दिवशी मी मसुऱ्यात बाटल्यांना लेबले लावत होतो. फोन त्यांच्या मुलाचा होता. त्याने दोन वाक्यांत सांगितले. मी हात धुतले, पत्नीला, सुलभाला, हाक मारली आणि आम्ही मालवणला निघालो. दुपारी दफन झाले.

दाऊदभाई तालुक्याचे वार्ताहर होते. वय झाल्यावर ते काम सोडून बाजारातल्या आपल्या झेरॉक्सच्या दुकानात बसू लागले. हॉटेलवाले, काजूवाले, बोटीवाले आपल्या धंद्याची प्रेसनोट दाखवायला त्यांच्याकडे येत. दाऊदभाई कागद हातात घेत, न वाचताच उलटा ठेवत आणि म्हणत, "आता तोंडान सांग." माणूस जे पहिल्यांदा बोलेल, तेच पहिले वाक्य म्हणून लिहून घेत.

मी शाळेत ग्रंथपाल होतो. निवृत्त झालो त्या वर्षी सुलभाने घरामागे कोकम सरबताचा छोटा कारखाना काढला. उद्घाटनाची प्रेसनोट मी तीन दिवस खपून लिहिली. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तीत सरपंचांपासून माझ्या सासऱ्यांपर्यंत सगळ्या मान्यवरांची नावे मानाच्या क्रमाने होती. माझ्या तोंडून काहीच नीट फुटेना, तेव्हा दाऊदभाईंनी नाइलाजाने कागद सुलटा केला.

"मास्तर, ही प्रेसनोट नाय, लग्नाची पत्रिका आसा. आणि नवरो खंय आसा?"

सरबत कुठे मिळेल, हे लिहायचेच राहिले होते. त्यांनी सगळे मान्यवर खोडले. मग 'उत्कृष्ट' हा शब्द खोडला. "उत्कृष्ट तूच म्हणतस, मगे गिऱ्हाईकान काय म्हणूचा?" उरलेल्या चार ओळींखाली माझा फोन नंबर घालायला लावला आणि बजावले, "फोन वाजलो तर उचल. नायतर छापतस कित्याक?"

बातमी आली आणि सासऱ्यांनी माझ्याशी बोलणे सोडले. मी ते दाऊदभाईंना सांगितले, तर म्हणाले, "बरा झाला. तुका वाचूक वेळ मिळालो."

माणूस तिरसट होता. एका हॉटेलवाल्याने शेजारच्या हॉटेलला टोमणे मारणारी प्रेसनोट आणली, तेव्हा दाऊदभाईंनी समोरची भजी त्याच कागदात बांधून त्याच्या हातात दिली. ते गिऱ्हाईक तुटले ते तुटलेच. त्याचे त्यांना काही वाटले नाही.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात पर्यटकांची गर्दी झाली. मागणी इतकी आली, की आम्ही घाईने माल भरला. आठवड्याभरात तळेऱ्याच्या एका दुकानदाराचा फोन आला, बाटल्या फुगून बुचे उडताहेत. सरबत आंबले होते. कोणीतरी तो प्रकार मोबाइलवर टिपला आणि गावोगाव पाठवला. कारखान्यात सहा बायका कामाला होत्या. कारखाना बंद पडला असता, तर त्यांना जवळपास दुसरे काम नव्हते.

सुलभाचा भाऊ दिलीप धावत आला. त्याने सांगितले आणि मी लिहिले : 'समाजकंटकांनी पसरवलेल्या अफवांवर ग्राहकांनी विश्वास ठेवू नये.' आम्ही तिघे तो कागद घेऊन दाऊदभाईंकडे गेलो. या वेळी त्यांनी तो लगेच वाचला.

"बाटल्यो फुगल्यो काय नाय?"

"फुगल्या," मी म्हणालो.

"मगे अफवा खंयची?"

दिलीप म्हणाला, "दाऊदभाई, पेपरात सगळेच असा लिवतत."

"म्हणानच कोण वाचणा नाय." मग ते सुलभाकडे वळले. "वयनीनू, तुमी सांगा. चूक कोणाची?"

सुलभा म्हणाली, "माझी. धुतलेल्यो बाटल्यो सुकाच्या आधी भरूक लावलंय."

"ताई गो, आपल्याच हातान कुलूप लावतंस काय?" दिलीप म्हणाला.

"लोकांच्या पोरांच्या पोटात जाता ता, दिलग्या."

दाऊदभाईंनी लिहायला घेतले : 'मसुरे येथील आमच्या कारखान्यात या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भरलेले कोकम सरबत खराब झाले आहे. ते पिऊ नये. बाटल्या दुकानात परत द्याव्यात, पैसे परत मिळतील. बाटल्या पूर्ण सुकण्याआधी भरल्या गेल्या, ही चूक माझी आहे.' खाली सुलभाचे नाव, आमचा नंबर. शेवटी दिलगिरीची ओळ घालू का, असे मी विचारले. ते म्हणाले, "घातली मा ती. चूक माझी म्हटला, आणि काय होया?"

बातमी आतल्या पानावर, बोटभर आली. दिवसभर फोन वाजत राहिला. पहिले काही शिव्यांचे होते. नंतरचे लोक बाटलीवरची तारीख वाचून दाखवत आणि विचारत, ही चालेल का? तळेऱ्याच्या दुकानदाराने चांगला मालही परत पाठवला आणि पुन्हा कधी मागवला नाही. समुद्राकाठची दोन हॉटेलेही तुटली. बाकीच्यांनी दिवाळीनंतर थोडा थोडा माल घ्यायला सुरुवात केली. तोवर बायकांना काम नव्हते. दोघींनी मुंबईची वाट धरली आणि त्या परतल्या नाहीत. हे मी दाऊदभाईंना सांगितले. त्यांनी चहा मागवला.

खोटे लिहिले असते तर त्या दोघी राहिल्या असत्या का, हे मला सांगता येत नाही. सुलभाला मी ते कधी विचारले नाही.

दाऊदभाईंच्या दुकानात आता त्यांचा मुलगा मोबाइलची कव्हरे विकतो. कारखाना चालू आहे. चौघीजणी कामाला येतात.