दोन चमच्यांची तर्री

आमच्या अक्काच्या शेवभाजीवर तर्री किती असायची, हे सांगितलं तर तुम्ही मला थापाड्या म्हणाल. म्हणा. वाटीत चमचा पडला तर तो काढायला पट्टीचा पोहणारा बोलवावा लागे. सोनगीरला तिच्या चुलीवर भाजी उकळू लागली की हायवेवरचे ट्रकवाले आपोआप ब्रेक मारत. पाहुण्याला वाढताना ती पातेलं तिरकं करून वरचा लाल थर आधी त्याच्या वाटीत सोडायची. ज्याच्या वाटीत तर्री नाही त्याचा मान राखला नाही, असा आमच्याकडचा कायदा. एका सोयऱ्याची वाटी चुकून कोरडी गेली, तर ते पुढची दोन वर्षं आमच्या घरच्या लग्नांना आले नाहीत. ही मात्र थाप नाही.

अशा अक्काला हृदयाचा त्रास निघाला. डॉक्टर जळगावचे, म्हणून तिचा मुक्काम जळगावातच, पिंप्राळ्यात माझ्याकडे. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: दिवसाला तेल दोन चमचे, मीठ चिमटीनं, तळलेलं बंद, लोणचं-पापड बंद. वर मला बाजूला घेऊन बजावलं, "पण त्यांना उपाशी ठेवू नका. वजन उतरत चाललंय. अंगात ताकद आली नाही तर ऑपरेशन करता येणार नाही."

माझी बायको नेमकी मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली. मला चहा सोडून काही येत नव्हतं, आणि चहाबद्दलही घरात मतभेद होते.

पहिल्या दिवशी मी दुधी उकडला. अक्कानं वाटीत बोट घालून बघितलं.

"हाई काय शे रे भाऊ? भाजी शे का भांडी धोयेल पानी?"

"अक्का, पथ्य आहे."

"पथ्य शे ते तूच खाई ले."

चार दिवस ती मूठभर भात आणि ताक यावर राहिली. आई लवकर गेली तेव्हा या थोरल्या बहिणीनं मला वाढवलेलं. मी जेवत नसलो की ती ताट घेऊन गल्लीभर माझ्यामागे पळायची. आता ताट माझ्या हातात होतं आणि ती पळतही नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ते मला बघवेना.

पाचव्या दिवशी मी एका मित्राच्या शेतातून कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भारा स्कूटरवर आडवा बांधून आणला. त्या भाऱ्यानं वाटेत तीन रिक्षा आणि एक मिरवणूक अडवली. गच्चीवर काड्या पेटवल्या, त्यावर हिरवी भरताची वांगी टाकली. धूर असा उठला की शेजारचे आबा पाण्याची बादली घेऊनच जिना चढले. मग वास आला, तेव्हा त्यांनी बादली खाली ठेवली आणि भाकरी कधी होणार ते विचारलं.

भाजलेल्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, सगळं लाकडी भांड्यात ठेचलं. तेलाचा थेंब नाही. मीठ शिजवताना घातलं तर हरवून जातं, हे तोवर मला कळलं होतं. म्हणून ते वाढताना वरून भुरभुरलं, जिभेला आधी तेच लागावं म्हणून. अक्कानं धुराचा वास घेतला, उठून बसली. अर्धी भाकरी खाल्ली. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटाच नाचलो. दोन डबे पडले.

मग मला रंगच चढला. मिठाला जी युक्ती, तीच तेलाला का नको? कांदा-लसूण नुसता जाळावर भाजून वाटला, त्याचा रस्सा उकळला, त्यात बेसनाचे डुबुकवडे सोडले. ते रश्श्यातच शिजतात, तळायचं काही नाही. शेवटी एक चमचा तेल तापवून, खाली उतरवून त्यात लाल तिखट घातलं आणि एका पसरट वाटीत रश्श्यावर हलकेच पसरवलं. एवढंसं तेल, पण वाटी अशी लालेलाल झाली की मलाच घाम फुटला.

अक्कानं वाटीत बघितलं, मग माझ्याकडे.

"डॉक्टर हा म्हना?"

"हो म्हणाले," मी म्हणालो. दोन चमच्यांना ते हो म्हणालेच होते. खरं सांगायलाही थापाड्याच लागतो कधीकधी.

अशी ती सव्वा महिना जेवली. गालावर मांस आलं, मला शिव्या देण्याचा जोर आला. आणि एका दुपारी सोनगीरहून नाना येऊन दारात उभे. नाना म्हणजे अक्काचे मालक. मी तिला उपाशी मारतोय, असं गावात कोणीतरी पसरवलेलं. हातात सुनेनं दिलेला शेवभाजीचा डबा. न्यायलाच आले होते. आत शिरले तर अक्कापुढे लालभडक वाटी.

"तू हिले मारी टाकशी!" नाना गरजले. "तेलच पाजानं व्हतं ते घर काय वाईट व्हतं?"

आता बोलावंच लागलं. मी चमच्यानं तर्री बाजूला सारली. खाली नुसता रस्सा. "एक चमचा तेल आहे, नाना. संध्याकाळी दुसरा." बोललो आणि जीभ चावली. अक्का ऐकत होती. सव्वा महिना मी तिला फसवलं, हे तिला कळलं. आता ही वाटी ती सरकवणार, डबा उघडणार आणि सोनगीरला जाणार.

तिनं डबा उघडलाच. तर्री चार बोटं. भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात घातला आणि थांबली.

"यामा मीठ सांडी गयं का?"

"तुन्हीच रीत शे," नाना म्हणाले. "सूननी तशीच करेल शे."

तिनं आणखी एक घास घेऊन बघितला, पाणी प्यायली. पन्नास वर्षं स्वतः केलेली, सुनेला शिकवलेली भाजी, आणि तिलाच ती गिळवेना. डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचं असेल.

"तू मन्ही जीभ बिघाडी टाकी रे भाऊ."

मी नानांपुढे ताट-वाटी मांडली. तिनं पसरट वाटी पुढे ओढली, तिरकी केली आणि वरचा लाल थर, होता नव्हता तेवढा, नानांच्या वाटीत सोडला.

"पाव्हना शेतस तुम्ही," ती म्हणाली, आणि राहिलेला रस्सा भाकरीशी खाऊ लागली.

नाना गुमान जेवले. संध्याकाळच्या एसटीनं एकटेच गेले. महिन्याभरात ऑपरेशन झालं, अक्का पुढे सहा वर्षं सोनगीरला सगळ्यांना दटावत राहिली.

ती पसरट वाटी अजून माझ्याकडे आहे. कडेला पोचे पडलेत, बायको म्हणते मोडीत घाला. तिच्यात तर्री किती मावायची, हे विचारू नका. एक चमचा म्हटलं तर तुम्ही मला थापाड्या म्हणाल.